मधलीची शाळा

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत तिला सगळे मधली म्हणायचे. तीन बहिणींतली ती मधली, हे एक कारण. पण खरं कारण तिचं काम. सिनेमात सिंह उडी मारतो तेव्हा दबा धरून बसलेला सिंह आमचे साहेब काढायचे, आणि हरणावर जाऊन पडलेला सिंहही तेच काढायचे. या दोन सिंहांच्या मधे जे नऊ सिंह लागतात ते हिच्या वाट्याला. सव्वीस वर्षं हिने तेच केलं. सुरुवात दुसऱ्याची, शेवट दुसऱ्याचा आणि मधली ढोरमेहनत हिची. सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात त्यात हिचं नाव यायचं, पण तोवर लोक चपला शोधत असायचे.

मी त्याच स्टुडिओत बॅकग्राउंड रंगवायचो. मी डोंगर काढला की त्याच्यापुढे कोणीतरी येऊन उभं राहायचं. त्यामुळे आमचं दोघांचं छान जमायचं.

गेल्या वर्षी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "आता मधली चित्रं संगणकच काढतो."

"बघितली मी," ती म्हणाली. "मांजर चालताना तिचा मागचा पाय पोटातून आरपार जातो."

"लहान मुलांना ते कळत नाही."

"तुम्हाला कळलं का?"

साहेबांनी फोन उचलला. तो वाजला नव्हता.

निरोपाच्या कार्यक्रमात साहेब वीस मिनिटं बोलले, त्यातली अठरा स्वतःविषयी. उरलेल्या दोन मिनिटांत त्यांनी तिची सव्वीस वर्षं बावीस करून टाकली. तिने माइकपाशी जाऊन आकडा दुरुस्त केला, भेट दिलेली फुलदाणी उचलली आणि केक कापायच्या आधीच घरी गेली. केक आम्ही खाल्ला. चांगला होता.

तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. "मी ॲनिमेशनची ऑनलाइन शाळा काढतेय. तू ये."

"मी येऊन काय करू?"

"जन्मभर केलंस तेच. माझ्या मागे काहीतरी रंगव."

ती राहते ते घर म्हणजे नवऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली ऑफिस, ऑफिसच्या भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, बाहेर लाल 'एल' लावलेली पांढरी गाडी. नवऱ्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मास्तर तीस वर्षं लोकांना गाडी शिकवतायत. बोलणं मोजकं, पोट सुटलेलं, आणि चेहऱ्यावर अशी शांती की बघणाऱ्यालाच राग यावा.

मधलीने वरच्या खोलीत कॅमेरा लावला. भिंतीपुढे मी रंगवलेला पडदा टांगला: हिरवी टेकडी, लांब नदी, वर ढग. तिने तो नीट न्याहाळला. "यात मी पिकनिकला हरवलेल्या बाईसारखी दिसतेय," असं म्हणून पडद्याची गुंडाळी केली आणि ती माझ्याच काखेत खोचली. मग कोरी भिंत ठेवायचं ठरलं. मला वाईट वाटलं, पण सवय होती.

पुढचा त्रास आवाजाचा. खाली शिकाऊ मंडळी दिवसभर गाडी मागे घ्यायची. 'ॲनिमेशन म्हणजे काय' असं ती गंभीरपणे विचारायची आणि खालून उत्तर यायचं, पीं पीं पीं. शेवटी तिने कपड्यांचं कपाट रिकामं केलं, आत रजया लावल्या आणि स्टूल टाकून कॅमेऱ्यासकट आत बसून बोलायला लागली. दोन महिने मी त्या घरी गेलो की कपाटाशी बोलायचो.

अशी चौदा व्याख्यानं झाली. पहिलं पंचावन्न मिनिटांचं होतं आणि त्यात एकही चित्र हललं नाही. जी बाई स्टुडिओत साहेबांची नक्कल करून आम्हाला लोळवायची, ती कॅमेऱ्यासमोर 'सदर तत्त्वाचे विविध पैलू' असलं बोलत होती. पहिला प्रेक्षक म्हणून मास्तरांना बसवलं. आठव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर गेली.

व्याख्यान संपेपर्यंत ती थांबली आणि मग त्यांना हलवलं. "कसं वाटलं?"

मास्तरांनी डोळे चोळले. "कोण गेलं?"

"काय?"

"शोकसभेसारखं वाटलं, म्हणून विचारलं."

त्यावर ती जे बोलली ते मी लिहीत नाही. सारांश इतकाच, की ज्यांना साधी सरळ रेघ मारता येत नाही त्यांनी तोंड उघडू नये.

"रेघ येत नाही हे खरं," मास्तर म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, मला शिकव. मला आलं तर कुणालाही येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणी वर्ग भरला. मास्तर खाली ऑफिसात, टॅब्लेट आणि त्यावर चित्र काढायचा पेन घेऊन. ही वर, लॅपटॉपपुढे. मी जिन्यात बसलो, कारण तिथून दोघांचंही ऐकू येत होतं आणि असली करमणूक रोज मिळत नाही. विषय होता उडणारा चेंडू. आमच्या धंद्यात सगळ्यांची सुरुवात त्यानेच होते: चेंडू वरून पडतो, आपटतो, पुन्हा वर जातो. बारा चित्रं.

मास्तरांचा चेंडू वर गेला आणि तिथेच राहिला.

"अहो, खाली का येत नाही तो?"

"येईल. रस्ता मोकळा झाला की येईल."

"चेंडू आहे तो, ट्रक नाही. खाली काढा. आणखी खाली. तिथे नाही हो. थांबा, द्या इकडे."

दोघांच्या स्क्रीनवर एकच पान उघडलेलं होतं. तिने मास्तरांची रेघ पुसली आणि स्वतः काढली. मग दुसरी पुसली. पाच मिनिटांत बाराही चित्रं तिची झाली आणि चेंडू झकास उडायला लागला. "असं," ती म्हणाली. "कळलं?"

तोवर मास्तर वर्गातून बाहेर पडले होते. जिन्यावर पावलं वाजली. मी पाय आवरून त्यांना वाट दिली.

ते चिडलेले नव्हते. दारात उभे राहून म्हणाले, "तू माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीस."

"तुम्ही चुकत होता."

"माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस चुकतो. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. जीव जायची वेळ आली तरच तो दाबतो. पण स्टिअरिंगला मी हात लावत नाही. एकदा लावला की शिकणारा रस्त्याकडे बघायचं सोडतो आणि माझ्याकडे बघत बसतो. मग तो जन्मात शिकत नाही." मग त्यांनी पुढे जोडलं, "तुझ्या चेंडूने कुणाचा जीव जाणार नव्हता."

मधली दोन दिवस लॅपटॉपपुढून हलली नाही. मी फोन केला तर म्हणाली, "व्याख्यानं ऐकतेय." तिसऱ्या दिवशी चौदापैकी अकरा तिने उडवली. उरलेली तीन का ठेवली विचारलं तर म्हणाली, "रडायला."

आणि त्याच सकाळी ती वही घेऊन शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

तेव्हा मास्तरांकडे एक निवृत्त शिक्षिका येत होत्या. वय सदुसष्ट. गाडी नेहमी त्यांचे यजमान चालवत. यजमानांची दृष्टी गेली, गाडी दारात धूळ खात राहिली आणि बाईंनी ठरवलं की आपण शिकायचं. पहिल्या दिवशी गाडी अकरा वेळा बंद पडली. मागे हॉर्न वाजत होते. मधलीच्या जिभेवर शब्द आला होता, तिने तो गिळला. मास्तर खिडकीतून बाहेर बघत विचारत होते, "आता गाडी काय म्हणतेय?"

"थरथरतेय."

"मग?"

"म्हणजे पाय लवकर सुटला?"

"मला काय विचारता? गाडीला विचारा."

बाराव्या वेळी गाडी निघाली. बाईंचे खांदे कानांपासून दोन बोटं खाली आले. मधलीने ते खांदे वहीत टिपून घेतले.

ती आठवडाभर रोज गेली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिने मला बोलावून एक तुकडा दाखवला. आठ सेकंदांचा. एक म्हातारी गाडीचं दार उघडते, पदर सावरते, आधी बसते, मग पाय आत घेते, आरशात बघते, आरसा हलवते आणि किल्ली फिरवते. संपलं. त्या म्हातारीचं गुडघ्याला हात लावून बसणं इतकं खरं होतं की माझाच गुडघा दुखला.

"मस्त," मी म्हणालो.

"पहिलं चित्र काढायला चार दिवस लागले," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत मी पहिलं चित्र कधी काढलंच नव्हतं. कोरा कागद पुढे आला की वाटायचं, साहेब आता देतील. मग वाटलं, साहेबांनी काय दिलं असतं? म्हातारी म्हणजे कंबरेत वाकलेली आणि हातात काठी. ही बाई तर माझ्यापेक्षा ताठ बसते."

मग तिने नाक शिंकरलं आणि सर्दी झालीय म्हणाली. मी विश्वास ठेवल्यासारखं केलं.

तोच तुकडा जाहिरात म्हणून टाकला. खाली दोनच ओळी: ॲनिमेशन शिका. चित्रकला येत नसेल तरी चालेल. मी म्हटलं, शाळेला भारदस्त नाव हवं. अकादमी, संस्था, काहीतरी. ती म्हणाली, "असल्या नावाच्या जागी मी सव्वीस वर्षं होते." शेवटी 'मधलीची शाळा' हेच ठरलं. हे नाव मास्तरांनी सुचवलं की तिने, यावर घरात अजून वाद आहे.

पहिल्या खुल्या वर्गाला नऊ जण आले. सकाळी दहाची वेळ. मी तिच्या खोलीत कॅमेऱ्याच्या मागे. ती इतकी घाबरली होती की आरशात बघून स्वतःलाच नमस्कार करून आली. नियम एकच ठरवला होता: दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. म्हणून ती स्वतःच्या तळहातांवर बसली.

व्याख्यान नाही. तिने सगळ्यांना सांगितलं, घरातली कुठलीही वस्तू खाली टाका, मोबाइलवर चित्रण करा, दहा वेळा बघा आणि जे दिसलं ते बारा चित्रांत काढा. पुढची वीस मिनिटं नऊ घरांतून धपाधप आवाज येत होते. एका गृहस्थाच्या बायकोने पडद्यात डोकावून विचारलं, "हा नक्की कसला वर्ग आहे?"

मग एकेकाचं काम बघायला सुरुवात झाली. चौथा नंबर एका दंत-कारागिराचा. कवळ्या बनवायचा धंदा, माणूस पन्नाशीचा. त्याचा गोळा वरून आला आणि जमिनीवर आपटला तो तिथेच चिकटला. उसळी नाही, काही नाही. सव्वीस वर्षांचा अनुभव सांगत होता की हे चूक आहे. मला तिच्या मांडीखालचा हात सुटताना दिसला. तिने तो परत दाबून ठेवला.

"हा कसला गोळा आहे?" तिने विचारलं.

"लोखंडाचा. व्यायामाचा. चार किलो."

"बरं."

"गेल्या महिन्यात पायावर पडला होता. ते नीट आठवत होतं, म्हणून तेच काढलं. तो उडत नाही हो. उडतो तो मी."

वर्ग हसला. तीही हसली, खरोखरची, स्टुडिओतली जुनी. "मग तुम्ही कुठे आहात चित्रात?" तिने विचारलं.

दंत-कारागिराने आपलं चित्र पुन्हा चालवून बघितलं. "पाय काढायला पाहिजे होता, नाही का?"

"मला काय विचारता?" मधली म्हणाली. "गोळ्याला विचारा."

त्याने तिथेच अंगठा काढला. वेडावाकडा, बटाट्यासारखा. पण गोळा पडल्यावर तो अंगठा आधी चपटा झाला, क्षणभर तसाच राहिला आणि मग सुजून वर आला. तो क्षणभराचा थांबा त्याला कुणी शिकवला नव्हता. बाकीच्या आठ जणांनी मनातल्या मनात आपापले पाय मागे घेतले असणार. मी तर घेतलाच.

वर्ग सुटल्यावर ती बराच वेळ तशीच बसून राहिली. हात बधिर झाले होते, मास्तरांनी वर येऊन ते चोळून दिले. "कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"एकदा गाडी बंद पडली," ती म्हणाली. "पण त्यांनीच चालू केली."

नऊपैकी पाच जणांनी नाव नोंदवलं. पुढच्या महिन्यात शाळा रीतसर सुरू झाली, आता दुसरी तुकडी चालू आहे. तिचं शिकवणं अगदी साधूसारखं झालंय असं समजू नका. परवाच एका विद्यार्थ्याला ती म्हणाली की तुमचा घोडा टेबलासारखा चालतो. पण पेन्सिल हिसकावली नाही. तो घोड्यांच्या तबेल्यात जाऊन दोन तास बसला आणि परत आला.

मलाही तिने काम दिलंय. मंगळवारी मी बॅकग्राउंड शिकवतो. पहिल्या वर्गात मी चाळीस मिनिटं डोंगरांवर बोललो. विद्यार्थी काही म्हणाले नाहीत, पण वर्ग संपल्यावर मधलीने मला पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पाठवून दिलं. या आठवड्यात एक पोस्टमन शिकतोय. सायकलीची सवय, त्यामुळे वळण आलं की आख्ख्या अंगाने कलतो. मी वही घेऊन बसलोय.