पातेल्यातला शेवटचा तामाल

बसमधून आमच्या डोंगरातल्या उमावाका गावाला उतरलेला माणूस सामान खाली ठेवायच्या आधी विचारतो, निकासिया तोलाबाचे तामाल कुठे मिळतात? आम्ही स्टँडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो. तिथे पत्र्याखाली ती बसते. पुढ्यात घोंगडीत गुंडाळलेलं पातेलं. मक्याचं पीठ, त्याच्या पोटात तिखट सारण, सुकवलेल्या मांसाचं, वरून कणसाची वाळकी पानं आणि दोन्ही टोकांना गाठी. लोक एक खातात, दोन बांधून घेतात आणि मग पातेल्यात उरलेल्या शेवटच्याकडे बोट दाखवतात. तो मात्र मिळत नसे.

"निकासियाबाई, एकच उरलाय. देऊन टाका की!"

"तो रोसेंदोचा."

"रोसेंदो कोण?"

"माझा लेक. येईल आता."

गिऱ्हाईक बिचारं मागे वळून बघायचं, खरंच कुणी येतंय का. मी शेजारी पाव विकत बसलेली असायचे. मला बघवायचं नाही, म्हणून मी पावावरचं फडकं सारखं करायचे.

मी सेबास्तियाना. निकासियाची आणि माझी भिंत एक. माझ्या अंगणात मातीची भट्टी आहे, सगळी गल्ली तिच्यात भाजून नेते, त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं ते मला कळतंच. निकासिया वरच्या डोंगरातून लग्न होऊन आली तेव्हा चुलीपुढे ओणवी बसलेली एवढीशी पोर होती. नवरा आन्सेल्मो रेल्वेत कामाला. रेल्वे बंद पडली आणि वर्षभरात तोही गेला. त्याचं तिने सगळं रीतीप्रमाणे केलं. तीन वर्षं दर नोव्हेंबरात त्याचं ताट मांडलं, त्याला वरून उतरायला शिडीच्या आकाराचा पाव माझ्याच भट्टीत भाजला आणि तिसऱ्या वर्षी हात जोडून त्याला निरोप दिला. रडली, पण चुकली नाही.

रोसेंदोच्या बाबतीत मात्र तिने रीत बाजूला ठेवली. तो खाली सपाटीवर तंबाखूच्या तोडणीला गेला होता. कार्निव्हलला घरी येतो म्हणून निरोप धाडला. हिने तामाल उकडायला ठेवले, आणि तिकडे डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला तो रस्त्यासकट मजुरांचा ट्रक घेऊन गेला. बाकीचे सापडले, कुणी जिवंत, कुणी मेलेले. रोसेंदोला चिखलाने परत दिलं नाही. निकासियाने ते पातेलं उतरवलं, एक तामाल बाजूला ठेवला आणि म्हणाली, "गाडीला उशीर झाला असेल." तेव्हापासून रोज एक. सकाळी तो कोंबड्यांना जायचा.

आमच्याकडे मेलेली माणसं एक नोव्हेंबरच्या दुपारी बाराला जेवायला येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या घंटेला परत जातात. ज्याचं ताट मांडलेलं नसतं तो दारोदार हिंडतो. मी भित्री नाही, नवऱ्याला मूठमाती देऊन त्याच संध्याकाळी भट्टी पेटवणारी बाई आहे मी. पण रोसेंदो हरवल्यानंतरच्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत ओल्या तंबाखूचा वास यायला लागला. आमच्या गल्लीत कुणी तंबाखू लावत नाही. माझ्या मेलेल्या बापासाठी मांडलेल्या ताटातल्या पावाचा मधोमध घास गेला. सून म्हणाली, उंदीर. उंदीर कडेने कुरतडतो गं, मधोमध दातांनी तोडत नाही. विझल्या चुलीवर निकासियाच्या पातेल्याचं झाकण वाजायचं, ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मी हातातलं काम तसंच टाकून ऐकत राहायचे.

शेवटी मीच तिला फैलावर घेतलं.

"पोरगं उपाशी फिरतंय, निकासिया. गल्लीभर फिरतंय. तुला वास येत नाही?"

"येतो ना. म्हणून तर म्हणते, जवळपास आहे."

"आणि तू गेलीस म्हणजे? तुझं ताट आम्ही मांडू. त्याचं कोण मांडणार? सगळे म्हणणार, आईनेच कधी मेला म्हटलं नाही, आपण कशाला म्हणायचं."

ऑक्टोबर संपताना ती पीठ मळून माझ्या भट्टीपाशी आली. तिने शिडी वळली, कबुतर वळलं, आणि हॅट घातलेला एक पुतळा. त्याच्या हॅटची कड तिने तीनदा मोडून नीट केली.

एक तारखेला आम्ही निकासियाच्या घरी टेबलावर काळं कापड घातलं. तामाल, ओल्या मक्याच्या वाटणाची हुमिता, बकरीचं चीज, मक्याच्या दारूचा, चिचाचा पेला, चघळायला कोकाची पानं. मृतांच्या जेवणात आमच्या गल्लीत मीठ घालत नाहीत. मीठ असलं की त्यांना ताटाजवळ येता येत नाही.

"मीठ नाही ना घातलंस?" मी विचारलं.

"एवढं कळतं मला."

बाराची घंटा झाली. दार उघडं टाकून आम्ही दोघी भिंतीच्या बाकावर बसलो. वाऱ्याने कापडाचं टोक हललं. आणि दारात एक तरुण उभा राहिला.

पाठीवर बोजा, केसांत धूळ, रोसेंदोएवढाच उंच. मग तो बोलला आणि दक्षिणेकडचा हेल कानावर आला.

"सगळं गाव बंद आहे हो! स्टँडवर सांगितलं, तामालवाल्या बाईंचं घर हेच. बसू ना?"

आणि बसला की तो! त्या एकाच खुर्चीवर, त्या एकाच ताटापुढे. त्याला ती खानावळ वाटली. मी हाकलायला उठले, तर निकासियाने माझं मनगट असं आवळलं की वळ उठला. बाराच्या ठोक्याला जो उंबऱ्यात येतो त्याला घालवत नाहीत, हे खरं. पण ती त्यासाठी धरत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

त्याने गाठ सोडली, फुंकर घातली, मोठा घास घेतला. डोळे मिटले.

"वा! लोक उगाच नाव घेत नाहीत. आणि मीठ कसं अगदी बेताचं!"

मी निकासियाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

तो पोटभर जेवला. पैसे विचारले तर ती म्हणाली, "आज विकत नाही, बाळा. सुखरूप जा." तो गेल्यावर मी दार लोटलं आणि तिच्यावर तुटून पडले.

"घातलंस ना मीठ? सगळं मांडलंस, पाव भाजलास, आणि वरून मीठ! तूच त्याला दाराबाहेर ठेवलंस गं!"

"त्याला अळणी गिळत नाही, सेबा. ताट ढकलायचा लहानपणी."

"तो लहान नाही आता. तो मेलाय."

"आत आला असता तर मेलाच असता ना," ती म्हणाली.

मी तोंडाळ आहे, पण पोटचं पोर मी तरी कुठे गमावलंय. आपल्या घरी येऊन बसले. दिवसभर तो वास माझ्या अंगणातून हलला नाही. भट्टीच्या तोंडाशी कुणी तरी गरम पावावर फुंकर घालावी तसा आवाज येत होता. मी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्मे परतायच्या आधी पलीकडून पाट्यावर मका वाटायचा आवाज आला. मी गेले. निकासिया एकाच तामालचं सारण करत होती. तिचा हात सवयीने मिठाच्या डब्यात गेला. तसाच राहिला. मग रिकामा बाहेर आला आणि तिने तो शालीला पुसला, पुन्हा पुन्हा.

तामाल उकडला. तिने गाठी स्वतः सोडल्या, पानं उलगडली, कोपऱ्याचा कण जिभेवर ठेवला.

"अळणी झालाय," ती म्हणाली. "त्याला आवडायचा नाही."

आणि मग ती रडली. त्या चिखलानंतर पहिल्यांदाच, टेबलाची कड धरून, आवाज काढून. मी तिला धरलं नाही. ताट खुर्चीपुढे सरकवलं, एवढंच. तिने त्यावर फुंकर घातली, पोळेल म्हणून. मग घंटा झाली.

त्यानंतर गल्लीत तंबाखूचा वास आला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याच्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

स्टँड पुन्हा भरलं त्या दिवशी एका प्रवासी बाईने नेहमीसारखं पातेल्यात डोकावून शेवटच्याकडे बोट दाखवलं. मी पावावरचं फडकं सारखं करायला घेतलं. निकासियाने पातेल्यावरची घोंगडी बाजूला केली. मग तिने तो उचलला, कागदात ठेवला आणि बाईच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "गरम आहे. फुंकून खा."