पूजेला भरलेली बंदूक

खंडेनवमी जवळ आली की अजूनही मला कुठंतरी निघून जावंसं वाटतं. झेंडू आणि पेढ्यांचा एकत्र वास आला तरी नको होतं.

वडील फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि सांगलीत एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायला लागले. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची, बारा बोरची दुनळी. आमची चूल तिच्यावर पेटते, हे आई आम्हाला ऊठसूट ऐकवायची. मी अकरावीत गेले तेव्हा कॉलेजात नेमबाजीच्या संघासाठी मुली निवडणार असं कळलं आणि मी वडिलांच्या मागेच लागले, मला शिकवा म्हणून. त्यांनी शिकवायला घेतलं, पण हातात दिला पाण्याचा तुटका पाईप. तो घेऊन गच्चीवर चालायचं, बसायचं, जिना उतरायचा. पाइपाचं तोंड कुणाकडे वळलं की मनगटावर फटका. एकदा शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या आणि पाईप नकळत त्यांच्याकडे फिरला, तर त्या दिवशीची शिकवणी तिथंच बंद. महिनाभर मी त्या पाइपाची सेवा केली.

मग बंदूक हातात आली. बोट घोड्यावर ठेवायचं नाही, बाजूला सरळ ठेवायचं. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात. सेफ्टी लावली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, लोखंडच ते, कधीतरी दगा देणार. आणि सगळ्यात आधी बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. ते म्हणायचे, "रिकामी हाय म्हणून कुणीबी सांगू दे, मी सांगू दे. ऐकायचं न्हाई. मोडायची आन् आपल्या डोळ्यानं बघायचं." हे ऐकताना मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा. तो अभिमान आठवला की आता माझीच मला कीव येते.

दर खंडेनवमीला ती बंदूक एसटीनं साताऱ्याकडे गावी जायची, थोरल्या चुलत्यांच्या घरी पूजेला. त्या वर्षी आम्ही सगळेच गेलो. पाटावर कोयता, विळे, ट्रॅक्टरची किल्ली, एक गंजकी तलवार आणि मधोमध आमची बंदूक. वडिलांनी ती मोडूनच ठेवली होती. चुलते उघड्या अंगानं, गळ्यातली साखळी सावरत पाटापाशी आले आणि म्हणाले, रिकामी बंदूक कसली पूजताय, रिकामा कलश कधी पूजतो का आपण? घाला काडतुसं.

मला वाटलं, वडील आता बोलतील. महिनाभर माझं मनगट लाल करणारा माणूस होता तो. त्यांनी पिशवीतला डबा काढला. त्यातल्या दोन काडतुसांना चुलतीनं कुंकू लावलं, वडिलांनी ती नळ्यांत सरकवली, बंदूक मिटली आणि हात जोडले. "व्हय दादा," एवढंच बोलले. घरात थोरल्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढी एकच शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली होती. बाकीची सगळी माझ्यासाठी. मला त्यांची शिसारी आली.

आरती झाली आणि चुलतभावाला रील काढायची हुक्की आली. त्याचा चार वर्षांचा पोरगा फेटा बांधून तयारच होता. चुलतभावानं त्याला मांडीवर घेतलं, पाटावरची बंदूक उचलली आणि पोराचं बोट धरून घोड्यावर ठेवलं. त्याची बायको मोबाईल घेऊन समोर उकिडवी बसली, नळीच्या अगदी तोंडाशी, आणि पोराला सांगत होती, हास की जरा. पेढ्यानं भरलेली सगळी तोंडं हसत होती. मी वडिलांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण नजर थोरल्या भावावर होती. बोलायला परवानगी मिळते का, याची वाट बघत होते.

मी पुढे गेले, नळी आढ्याकडे केली, पोराचं बोट सोडवलं आणि बंदूक काढून घेऊन मोडली. काडतुसं मुठीत घेतली. बंदुकीवरचा झेंडू आणि हळद चुलतभावाच्या नव्या पॅंटवर सांडली आणि पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं.

पूजेतलं हत्यार आज हलवायचं नसतं, असं म्हणत चुलते माझ्यावर तापले. त्यांच्या लेकानं ते मांडीवर घेतलं होतं, ते चालत होतं. चुलतीनं आईच्या कानाशी लागून विचारलं, हिची अडचण नाही ना? मला ऐकू आलं. नातवाच्या बोटाखाली काय होतं याची त्या बाईला काळजी नव्हती, काळजी माझ्या पाळीची. अशा घराचं पाणीसुद्धा पिऊ नये असं वाटलं.

मग वडील बोलले. "पाया पड दादांच्या. चुकलं म्हण."

मी वाकले. चुकलं म्हणाले. मुठीत काडतुसं तशीच होती, कुंकवानं चिकट झालेली.

पुढच्या रविवारी वडील गच्चीवर आले. काहीच घडलं नसल्यासारखी त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "हत्यार हातात आलं की पयलं काय बघायचं?"

"घरात थोरलं कोण हाय ते," मी म्हणाले.

त्यांनी बंदूक माझ्याकडून घेतली, मोडली, नळ्यांतून आरपार बघितलं आणि कव्हरात घालून खाली गेले. पुढच्या खंडेनवमीला ते ती घेऊन गावी गेले, डब्यात दोन काडतुसंही नेली. मला शिकवायचं मात्र त्यांनी त्या रविवारीच थांबवलं.