हसू नको, तडकंल

धाकल्या काकू कुणीही भेटलं की आधी हनुवटी धरायच्या. बरी आहेस का, जेवलीस का, हे सगळं नंतर. दोन बोटांत हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचं, एक गाल बघायचा, मग दुसरा, आणि विचारायचं, "कवा सुरू करतीस?"

मी लग्न होऊन पेडगावला आले त्या दिवशीच माझी हनुवटी त्यांच्या बोटांत सापडली. आमचे हे तिथल्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मास्तर होते आणि काकूंच्या घराच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. डोक्यावरचा पदर सावरत मी विचारलं, "काय सुरू करायचं?"

"म्हातारं व्हायचं लांबवायला," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. म्हातारपण हा प्रकार फक्त सासूला होतो अशी माझी समजूत होती. मला हसू आलं. काकूंनी तोवर वाटीतलं कालवलेलं पीठ माझ्या गालाला फासलंसुद्धा होतं. "हसू नको," त्यांनी दटावलं, "तडकंल." नव्या नवरीचं गावातलं पहिलं दर्शन असं मसुराच्या पिठात झालं, आणि रस्त्यानं पाण्याला जाणाऱ्या बायका ते बघून गेल्या.

गावात त्यांना नुसतं 'धाकली' म्हणत. घरात थोरले दीर, थोरली जाऊ, त्यांची पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. धाकलीचा नवरा कुठे दिसायचा नाही. पण कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि चेहरा असा की वय विचारलं तर माणसानं हमखास चुकावं. रोज सकाळी जनावरांचं झालं की त्या परसातल्या धुण्याच्या दगडावर बसायच्या आणि स्वतःच्या तोंडाला उटणं लावायच्या. सुगी असो, घरात पाहुणे असोत, एक वेळ चहा चुकेल पण दगड चुकायचा नाही.

वयावर त्यांचा सगळा हिशेब असे. परकऱ्या पोरीला साय आणि पीठ, बस्स. "कवळं रान हाय, जास्ती नांगरायचं न्हाई." नव्या नवरीला मसुराची डाळ दुधात वाटून, वर आंबेहळदीची चिमूट. बाळंतिणीला तिळाचं तेल. चाळिशी उलटलेल्या बाईला त्या डाळ लावू देत नसत. तिला लोणी, आणि ज्वारीचं पीठ अगदी वस्त्रगाळ. ज्वारी अर्थातच रब्बीची. एखादी म्हणालीच की आता काय राहिलंय सुरू करायचं, पोरींची लग्नं झाली, तर काकूंचं उत्तर ठरलेलं.

"खरीप गेलं तर रब्बी हाय की, बाई."

आमच्या भागात राहिलेल्यांना ह्या वाक्याचं वजन कळेल. पावसाळा संपला, आभाळ कोरडं झालं, की मग काळ्या रानात पेरलेली ज्वारी नुसत्या ओलीवर आणि दवावर अशी येते की बघत राहावं.

त्यांच्या सासूबाईंनी सत्तरीच्या पुढे सुरुवात केली, नुसत्या तुपानं. म्हातारी आधी खूप वैतागली. "मसणात जायची येळ आली, अन् मला उटणी काय लावायलीस?"

"म्हणूनच लावायले," काकू म्हणाल्या. "जाताना चार गावची माणसं तोंड बघत्यात, आत्या." म्हातारीला हे पटलं. महिन्याभरात ती स्वतःच सकाळी हाका मारू लागली, आणि अंथरुणावर उठून बसूही लागली. आता ते तुपानं झालं की रोज कुणीतरी तोंडावरून हात फिरवतंय ह्यानं, ते तुम्हीच ठरवा.

थोरल्या जाऊबाई मात्र येता-जाता टोचायच्या. "दादल्याचा पत्ता न्हाई, अन् तोंड रंगवायची हौस बघा." ह्याच जाऊबाई पुरुषमाणसं रानात गेली की भर दुपारी पदराआड वाटी घेऊन परसात यायच्या. "गुडघ्याला लावायला पायजे," म्हणायच्या, आणि लोणी गालाला लावून जायच्या. काकू तोंडातून अवाक्षर काढत नसत. लोणी मात्र थोडं जास्तच घालत.

एकदा ह्यांनी परभणीहून माझ्यासाठी काचेच्या बरणीतला, तोंडाला लावायचा स्नो आणला. मी कौतुकानं काकूंना दाखवला. त्यांनी वास घेतला, बोटभर काढून मनगटाला चोळला, आणि म्हणाल्या, "चांगला हाय. मास्तरांचा जीव हाय तुझ्यावर." मग बरणीचं झाकण लावत, "मला मिळाला असता तर मी बी लावला असता." त्या आवाजात काहीतरी होतं, आणि मी पहिल्यांदाच विचारायचं धाडस केलं. "काकू, तुम्ही हे सगळं कुणासाठी करता?"

त्यांनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. परभणीच्या बाजारात, भरल्या गर्दीत, सासऱ्यांनी नवऱ्याच्या मुस्कटात मारली. कारण क्षुल्लक, बैल पारखण्यात तो चुकला होता. नवरा घरी आला, टोपी घेतली, आणि हिला म्हणाला, "कायतरी हून दाखवतो, मगच तोंड दाखवतो." तो गेला तो गेला. कुणी म्हणे मनमाडला दिसला, कुणी म्हणे सोलापूरच्या गिरणीत. सासरे तीच हाय खाऊन गेले.

"दोन वरसाचा संसार," काकू म्हणाल्या. "त्यातबी दिवसा कवा एकमेकाचं तोंड नीट बघितलं न्हाई, घरात थोरली माणसं. येतील तवा त्यांनी मला वळखाय पायजे का न्हाई? मी म्हातारी झाले, अन् ते दारात येऊन दुसरीच कुणी बाई हाय म्हणून माघारी गेले, तर?"

सगळ्या गावाला जो नखरा वाटत होता, ती ह्या बाईची वाट बघायची रीत होती.

ती रीत मोडायची वेळ आली ती थोरल्या पुतण्याच्या लग्नावरून. दोनदा ठरलेली सोयरीक मोडली, आणि कुणीतरी थोरल्या दिरांच्या डोक्यात भरवलं की घरात पितराचा दोष आहे. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की तो गेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे, अशी रीत. बारा वर्षं तर केव्हाच उलटून गेली होती. काकू दिरांपुढे कधी उभ्या राहत नसत, त्या दिवशी राहिल्या. "माझ्या तोंडाकडं बघून सांगा," त्या म्हणाल्या, "रांडव बाईचं तोंड असं असतंय का?" दीर वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घातली, पण पळसाची पानं आली.

नदीकाठी पुतळा जळला. काकूंचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरल्या. हळद बंद, उटणं बंद. थोरल्या जाऊबाईंनी परसातली वाटी उचलून माळ्यावर टाकली. ती टाकताना त्या रडत होत्या हेही सांगितलं पाहिजे. पुढे कितीतरी दिवस तो दगड नुसता धुण्याचाच दगड राहिला. माझ्या खोलीतून तो दिसायचा आणि मला स्वयंपाक सुचायचा नाही.

मग एका सकाळी काकू माझ्या दारात आल्या. पांढरं कपाळ बघायची सवय मला अजून झाली नव्हती.

"मास्तरीणबाई, थोडं पीठ हाय का? नुसतं पीठ. हळद नगं."

मी डबा पुढे केला आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून काकूंचं उटणं माझ्या चुलीपाशी होऊ लागलं. कुणी बघितलं असतं तर मास्तरांचं बिऱ्हाड गावातून उठलं असतं. ह्यांना मी सांगितलं तेव्हा ते जरा घाबरले, मग म्हणाले, "पिठाला कुठे धर्म असतो?" आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून आणला. माणूस म्हणून मला ते त्या दिवशी फार आवडले.

जर्मन-जपानची लढाई चालू होती, रॉकेल मिळेनासं झालं होतं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघी ओट्यावर ज्वारी निवडत बसलो होतो. स्टेशनच्या वाटेनं एक माणूस आला आणि ओट्याखाली उभा राहिला. डोक्याला मफलर, अंगात जुना कोट, तोंड रापून कोळसा झालेलं. गालावर इतक्या रेषा की मोजायला नकोत. काकू उठल्या, आतून भाकरी आणि वर चटणीचा गोळा आणून त्याच्या हातावर ठेवला. कुणी फिरस्ता असावा असं आम्हाला वाटलं. पण काकू त्या काकूच.

"बाबा, गाल किती फुटलेत," त्या म्हणाल्या. "तूप न्हाई तर तेल लावत जा जरा. आपल्याच कातड्याला असं टाकू नये."

तो माणूस भाकरी हातात धरून काकूंकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"तू हायेस तशीच हायेस," तो म्हणाला. "कपाळ तेवढं सुनं केलं लोकांनी."

काकूंचा पाय ओट्यावरच्या सुपाला लागला, ज्वारी ओटाभर झाली. त्या दोन पायऱ्या उतरल्या, त्याची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. एक गाल बघितला, मग दुसरा. आणि मला सांगायला हवं, त्यांना ओळख पटेना. त्यांनी त्याला रांजणापाशी नेऊन तोंड धुवायला लावलं. रेषांमधला कोळसा निघेना. शेवटी आतून म्हातारी आवाज ऐकून भिंत धरत धरत बाहेर आली, तिनं त्याच्या कानामागची लहानपणची खूण बोटानं चाचपली आणि मटकन खाली बसली. "माझा हाय," म्हणाली.

इतकी वर्षं तो ह्याच रेल्वेवर होता. इंजिनात कोळसा टाकायचं काम. पेडगाव स्टेशनातून कितीदा गेला असेल, पण काही होऊन दाखवायचं राहिलं होतं म्हणून कधी उतरला नाही. मग मनमाडच्या फलाटावर गावचा एकजण दुसऱ्याला सांगत होता, की त्या घरी पळसाचा पुतळा जाळला. "मी मेलो ते ऐकून काय वाटलं न्हाई," तो दिरांना म्हणाला. "पण माझ्या पायी हिचं कुंकू पुसलं. मग बसवंना." थोरल्या दिरांनी त्याला पोटाशी धरलं आणि लहान पोरासारखे रडले.

त्या संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. मला वाटलं होतं, आनंदानं वेड्या झाल्या असतील. त्या चुलीपुढे बसून लाकडं मागेपुढे सारत राहिल्या.

"मी माझं तोंड संभाळलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी वळखावं म्हणून. पण मी त्यांना कशी वळखीन, ह्याचा इचारच केला न्हाई. माझ्या डोळ्यात आपलं ते टोपी घालून गेलेलं पोरगंच." आणि मग त्या हसायला लागल्या, हसता हसता रडायला. आम्ही दोघींनी त्या दिवशी चुलीवरची आमटी करपवली.

आता पेच पडला. ज्याचे दिवस घातले तो माणूस घरात कसा घ्यायचा? परभणीहून भटजी आले. त्यांनी सांगितलं, हरकत नाही, शास्त्रात सोय आहे. त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाच्या रांजणात बसवायचं, मग बारसं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. लढाईच्या दिवसांत रांजणभर तूप आणायचं कुठून? थोरल्या जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी अंगभर तूप चोळावं असा तोडगा निघाला. काकूंनी हे ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. "शास्त्र शहाणं हाय," म्हणाल्या.

तर अशा रीतीनं पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत तूप चोळलं, त्याच्या आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि बहिणीनं सोनपेठहून येऊन त्याच्या कानात कुर्रर्र करून त्याचंच नाव त्याला सांगितलं. अख्खं गाव हसत होतं आणि बरंचसं गाव डोळे पुसत होतं. मांडीवर त्याला धरून बसलेली ती म्हातारी, जिला वर्षामागे उठवत नव्हतं, तिचे गाल त्या दिवशी असे चकाकत होते की काकूंनी मला कोपरानं ढोसून दाखवले.

लग्नाची हळद काकूंनी स्वतःच दळली. नवरीनं जात्यावर बसायचं नसतं, असं कुणी म्हणालं. "नवरी चाळिशीची असली की चालतंय," त्या म्हणाल्या. माळ्यावरची वाटी थोरल्या जाऊबाईंनीच काढून, घासून आणून दिली. सुवासिनी नवरदेवाला हळद लावायला पुढे झाल्या, तेव्हा काकू लाज सोडून मध्ये आल्या. "हळूच. लय फुटलंय. दूध घाला त्यात."

पुढे दोन-तीन वर्षं आम्ही पेडगावात होतो. मग ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. निरोप आदल्या दिवशीच घेतला होता; काकूंनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, एक गाल बघितला, मग दुसरा, आणि सोडून दिली. त्यानंतर माझी त्यांची गाठ पडली नाही. रझाकारांमुळे पळापळीचे दिवस आले, कोण कुठे गेलं कळलं नाही, आणि नंतर कळलं तेव्हा त्या घरात पुतण्याची सून होती.

पण निघालो त्या सकाळी आमची बैलगाडी परसाच्या कुडाजवळून गेली, आणि मी वाकून बघितलं. धुण्याच्या दगडावर काका बसले होते, डोळे मिटून. कपाळापासून गळ्यापर्यंत उटणं. काकू समोर उभ्या, पदर खोचलेला, त्यांची हनुवटी दोन बोटांत धरून सूर्याकडे वळवत होत्या. काका काहीतरी पुटपुटले. बहुधा ह्या वयात आता काय, असलंच काही.

"खरीप गेलं तर रब्बी हाय की," काकू म्हणाल्या.

काकांना हसू आलं. ओठाच्या कडेपासून उटणं तडकत गेलं, डोळ्यांपाशी तडकलं, कपाळावर तडकलं, आणि ते हसतच राहिले. मी वाट बघत होते की आता काकू दटावतील. त्या नुसत्या बघत उभ्या होत्या, आणि त्यांच्याही गालावरचं पीठ तडकत चाललं होतं.