पुलाच्या पोटातला चौकोन

आधीच सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. भूतखेत, करणी, अंगात येणं यावर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता, नाही आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाची पत्रकं मीच लिहितो आणि मंगरूळपीरच्या बसस्टँडवर मीच वाटतो. त्यातलं एक खास अंत्ययात्रेवर होतं. मथळा ठळक अक्षरात — 'मेलेला थकत नाही, मग विसावा कोणाला?'

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्मशानाकडे जाताना अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात. पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात, मग पुन्हा उचलतात. याला विसावा देणं म्हणतात. त्या पत्रकापायी मी गावभर शिव्या खाल्ल्या. खाल्ल्या तर खाल्ल्या.

आमचं गाव इंझोरीच्या अलीकडे. गाव नाल्याच्या या काठाला, स्मशानभूमी त्या काठाला, मध्ये पूल नव्हता. पावसाळ्यात कोणी गेलं की तिरडी छातीभर पाण्यातून न्यायची. एका पावसाळ्यात गावातल्या गजाननच्या आईला नेताना तिरडी कलंडली होती... गजाननने कशीबशी सावरली. त्याला रडायलाही फुरसत नव्हती, कारण हात सुटला असता. जिवंतपणी रांगेत उभं राहायचं आणि मेल्यावर पुरात. याला काय म्हणायचं? निवेदनं देऊन देऊन आमचे हात दुखले, तेव्हा कुठे बांधकाम कार्यालयातून तोंडी उत्तर आलं — नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन या, मग बघू.

नकाशासाठी मी माझ्या चुलत बहिणीला, प्राजूला पकडलं. ती सिव्हिल डिप्लोमावाली, वाशिमला नोकरी करते. तिच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आता एआय आलंय. आपण फक्त आकडे द्यायचे, आराखडा ते स्वतः सुचवतं. रविवारी दुपारी आमच्या ओसरीत बसून तिने नाल्याची रुंदी, पुराची पातळी, एका वेळी किती माणसांचं वजन येईल, एवढं भरलं. गावाचं नाव नाही, पूल कशासाठी तेही नाही. मी शेजारीच बसलो होतो.

स्क्रीनवर पायी जायचा छान अरुंद पूल आला. फक्त मध्याच्या जरा अलीकडे, गावाच्या बाजूला, तो फुगला होता. बेडूक गिळलेला साप दिसतो ना, तसा. चांगला मोठा चौकोन.

"हे काय वं?"

"आगाऊपणा करून राह्यला," प्राजू म्हणाली आणि चौकोन पुसला.

पुन्हा चालवलं. चौकोन हजर. तिने रुंदी कुलूपबंद केली. तरी हजर. ओढून बरोबर मध्यावर आणला, तर पुढच्या आराखड्यात परत गावाकडे सरकलेला.

"विचार त्याले, काहून टाकते म्हणून."

तिने विचारलं. उत्तर आलं — 'वापरकर्त्यांच्या सोयीसाठी जागा सुचवली आहे.'

तेवढ्यात श्यामराव काका आले. गावातली एकही अंत्ययात्रा यांच्या खांद्याशिवाय निघत नाही, आणि यांच्या सूचनांशिवाय पुढे सरकत नाही. चहाचा कप घेऊन ते स्क्रीनवर वाकले.

"वा. विसावा टाकला का तुमी."

माझं डोकंच सटकलं. "काका, हे कम्प्युटर हाये. याले विसावा-फिसावा काय समजते?"

"मंग हे वापरकर्ते कोन?" काका म्हणाले. "तिरडीवरचा का तिरडीखालचा?"

प्राजूच्या नाकातून चहा आला.

"आन जागाबी बराबर हाये," काका सांगत राहिले. "नाल्यानं काठ खाल्ला, त्याच्या आंधी विसाव्याचा दगड अथीच होता. माह्या बापाले अथीच टेकवलं होतं."

हा काठ वाहून गेला तेव्हा प्राजूचा जन्म झाला नव्हता. गावात कॅमेरा नव्हता. मी नंतर तलाठ्याकडचा जुना नकाशा पाहिला, त्यातही दगडाचं नाव नाही. मग यंत्राला कोणी सांगितलं? पण तेव्हा मी एवढा विचार केला नाही. मी एवढंच म्हणालो, "प्राजू, ते एआय बंद कर. हातानं सरळ पूल काढ."

सरळ पूल घेऊन मी ग्रामसभेत उभा राहिलो. लोक खूश होते. ठराव होणारच होता, तेवढ्यात काका उठले.

"पूल झकास हाये. पन खांदा कुठी बदलाचा?"

मी पत्रकातलं वाक्य फेकलं, "काका, मेलेला थकत नाई."

"मेलेला नाई थकत, लेका. खांदा देनारा थकते."

लोक हसले. गजानन हसला नाही. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मी थकलो होतो. मायले टेकवाले जागाच नव्हती."

यावर कोणतं पत्रक काढणार?

ठराव अडला. ठराव नाही तर पूल नाही, आणि पावसाळा काही ठरावासाठी थांबत नाही. शेवटी काकांनीच तोड काढली. शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने सरळ पुलाच्या दोन रेघा मारल्या, बाज आणली आणि काका स्वतः तिच्यावर आडवे झाले. चौघांनी उचललं, मध्यावर आले आणि जागा बदलायला लागले. बाजूने निघायला वाव नव्हता. दोघं रेघेबाहेर गेले, बाज तिरपी झाली, काका धुळीत.

"बुडालो," काका पडल्या पडल्या म्हणाले. "आता दुसरा नकाशा घ्या, मी हाये तोपर्यंत."

प्राजूने लॅपटॉप उघडून यंत्राच्या चौकोनाची मापं वाचली. तेवढी फक्की मारली. बाज टेकली, चौघं फिरले, पुन्हा उचलली. एकाचाही पाय रेघेवर पडला नाही. वर बोटभरही जागा उरली नाही. कोणीतरी उभं राहून मापं घेतल्यासारखी.

ठराव झाला. सही माझीही आहे. पुढे पूल मंजूर झाला आणि बांधूनही झाला. हाही भुताटकीचाच प्रकार, पण त्याचं श्रेय आमच्या मोर्चांना.

आता खरी गोष्ट. मेडशीकडच्या एका वस्तीने आमचं बघून प्राजूकडे नकाशा मागितला. त्यांनाही नाल्यावर पायी पूलच हवा होता, पोरांना शाळेत जायला. मी म्हटलं, आता हे यंत्र तावडीत सापडलं. प्राजूला आधी आमच्याच पुलाचे आकडे जसेच्या तसे भरायला लावले. नवी फाइल, नाव काही नाही.

पूल आला. पट्टीने आखल्यासारखा सरळ.

पुन्हा चालवलं. सरळ. जुनी फाइल उघडून चालवली. चौकोन. नवी, सरळ. जुनी, चौकोन. दोन्हीतले आकडे मी स्वतः बोट ठेवून ताडून पाहिले, तेच होते. प्राजूने हळूच लॅपटॉप मिटला.

"दादा, मले ह्याच्यात नको घेऊ. मी चहा ठेवते."

तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांना माझा जाहीर सवाल आहे. आकडे एकच होते. मग कोणता पूल शाळेकडे जातो आणि कोणता स्मशानाकडे, हे तुमच्या यंत्राला कोणी सांगितलं? योगायोग म्हणणार असाल तर प्रत्येक वेळी तोच कसा, तेही लिहा. आत्मा वगैरे म्हणणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये. मी विचारून विचारून थकलो.

पूल मात्र आहे. या पावसाळ्यात गावातल्या एका म्हाताऱ्याला त्यावरून नेलं. खाली नाला भरून वाहत होता. चौकोनावर काका म्हणाले, "टेकवा," आणि आम्ही टेकवलं. मी मागून पुढे आलो. खांदा खरंच भरून आला होता.