दोन ओळींचं उत्तर

माझी मुलगी लहानपणापासून तुटक बोलणारी. "जेवली का?" "हो." "शाळेत काय झालं?" "काही नाही." मध्य प्रदेशातल्या सौंसरला, आमच्या गल्लीत बायका एका भाजीवर तासभर बोलू शकतात, तिथे ही पोर कुठून आली असं सगळ्यांना वाटे. मला मात्र ते आवडायचं. मी शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दिवसभर बोलून घसा बसतो, मग घरी एखादं माणूस कमी बोलणारं असलं तर बरंच असतं.

गणितातही ती तशीच. उदाहरण वाचायची, जरा खिडकीबाहेर पाहायची आणि उत्तर लिहून मोकळी व्हायची. मधल्या पायऱ्या सगळ्या डोक्यात. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला असं डोकं म्हणजे सोनंच. चार पर्याय, त्यातला एक बरोबर, विषय संपला. दर रविवारी ती बसने नागपूरला क्लासला जायची. त्या परीक्षेचा निकाल असा लागला की पांढुर्ण्याला माझ्या भावाने बोर्डाचा निकाल यायच्या आतच पेढे वाटले. भोपाळच्या मोठ्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरची शाखा या नंबरावर सहज मिळेल, असं क्लासवाले म्हणाले. तिला आठवीपासून तेच हवं होतं.

अट एकच. बारावीला पंचाहत्तर टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्के मुलांत तरी नंबर हवा. ही अट मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही, कारण शाळेत दरवर्षी मीच ती मुलांना सांगते.

आणि बोर्डाचे मार्क कसे पडतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? परीक्षा संपत आल्या की रामाकोन्यावरून जाणारी छिंदवाड्याची बस धरून मी उत्तरपत्रिका तपासायला जाते. समोर गठ्ठा असतो आणि उन्हाने जीव नकोसा झालेला असतो. अशा वेळी नजर व्याख्या शोधते, आकृती शोधते, शेवटी निष्कर्ष आहे का ते पाहते. मथळ्याखाली रेघ मारलेली दिसली की हात आपोआप बरोबरची खूण करतो. आणि एखाद्याने अगदी बरोबर पण दोन ओळींत उत्तर लिहिलं असेल, तर पाचापैकी दोन. असे दोन-दोन मार्क मी स्वतः दिलेत, आणि देताना कधी थांबले नाही.

शाळेत मी लोकांच्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगते, "पन्ना भरो बेटा, हेडिंग डालो." घरच्या पोरीला काय सांगितलं? "बोर्डाचं टेन्शन नको घेऊ वं, ते होऊन जाते." दिवसभर जे दळण दळायचं तेच पुन्हा घरी दळायचा मला कंटाळा यायचा, हे एक. दुसरं जास्त वाईट आहे. तिच्या डोक्याचा मला गर्व होता. पानं भरणं हे सामान्य पोरांचं काम, माझ्या पोरीचं नव्हे, असं मला आतून वाटत होतं. हे आजवर मी नवऱ्यालाही बोलले नाही.

बोर्डात त्रेसष्ट टक्के आले, वरच्या वीस टक्के मुलांतही नंबर लागला नाही. सगळ्यात कमी मार्क भौतिकशास्त्रात, म्हणजे माझ्याच विषयात.

"पेपर तर चांगला गेला म्हणाली होती ना तू?" मी विचारलं.

"उत्तरं बरोबरच होती."

"किती लिहून राहिली होती?"

"जेवढं होतं तेवढं."

ती रडली नाही, मीच रडले. स्टाफरूममध्ये कोणीतरी 'दिव्याखाली अंधार' म्हणालं, तेही हसत. पेढे वाटणारा माझा भाऊ आला आणि म्हणाला, "देव देते अन् कर्म नेते, बाई." कर्म कोणाचं हे त्याने विचारलं नाही, आणि मीही चहा ठेवायला आत गेले.

वर्ष थांबायचं ठरलं. बोर्डही पुन्हा, प्रवेश परीक्षाही पुन्हा. या वेळी रोज शाळेतून आले की मीच तिला घेऊन बसू लागले.

"आधी प्रस्तावना लिही."

"कशाची?"

"लेन्सची."

"लेन्सची काय प्रस्तावना लिहू?"

"मानवाच्या जीवनात लेन्सचं फार महत्त्व आहे, असं काहीतरी लिही ना."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण तिने लिहिलं. पोर हुशार, तिला काय शिकायला वेळ लागतो? दिवाळीपर्यंत ती एका ओळीचं पान करू लागली. पट्टी लावून रेघा मारू लागली. जे पहिल्या वाक्यात सांगून झालं तेच शेवटी निष्कर्ष म्हणून पुन्हा लिहू लागली. मी तपासायची, खूण करायची, "शाब्बास" म्हणायची. पूर्वी उदाहरण वाचून ती खिडकीबाहेर पाहायची ते बंद झालं, हे मला दिसत होतं. तरी मी शाब्बास म्हणत राहिले.

बोर्डात चौऱ्याऐंशी टक्के आले. प्रवेश परीक्षेचा नंबर मात्र बराच घसरला. जो वेळ तिकडे द्यायचा तो पानं भरण्यात गेला होता. भोपाळला तेच कॉलेज मिळालं, पण कॉम्प्युटर नाही, धातुशास्त्राची शाखा. लोक म्हणतात, मिळालं ना सरकारी कॉलेज, आता काय कुरकुर करून राहिली? मी कुरकुर करत नाही. मनाला खातं, ते कोणाला सांगता येत नाही.

तिला सोडायला आम्ही पांढुर्ण्याच्या स्टेशनावर गेलो. नवरा पाण्याची बाटली आणायला गेला, तेवढ्यात मी तिला विचारून टाकलं. "तुह्या मनात माझ्याबद्दल राग आहे का वं?"

"हे पाह्य आई," ती म्हणाली, "एक तर तुह्यामागे शाळा होती, घर होतं. दुसरं, अट सरकारची होती, ती सगळ्यांले सारखीच. तिसरं, या शाखेतही चांगल्या नोकऱ्या आहेत म्हणतात, अन् कॉलेज तर तेच भेटलं. तर एकूण पाहिलं तं जे झालं ते चांगल्यासाठीच झालं, असं समजून चालायचं."

इतकं लांब ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मुद्दे होते, क्रम होता, शेवटी निष्कर्षही होता. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिची बॅग उचलायला खाली वाकले. मला फक्त 'नाही' ऐकायचं होतं, आणि तेवढंच त्यात कुठे नव्हतं.