आईची म्हण दत्तूला सापडली

मंडळी, माझी आई नेहमी 'मुक्याची रास मोठी' म्हणायची, ती म्हण कुठून आली, हे आज सकाळी माझ्या मित्राने, दत्तूने, याच ग्रुपवर लिहिलं. खळ्यावर धान्य मापताना कुणी बोलायचं नाही, त्या रिवाजातून ती आली. तुम्ही सगळ्यांनी वाहवा केली. मी केली नाही.

चार वर्षं मी हेच शोधत होतो. आईच्या माहेरच्या, मादन हिप्परग्याच्या म्हाताऱ्या जनाक्काकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा ती म्हणाली, "ठाऊक न्हाई." दत्तू एकदाच गेला!

दुपारी गाडी काढून तिच्याकडे गेलो. "अक्का, मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू वही काढून म्होरं बसलास. मला वाटलं, कसली चौकशी करायलास. दत्तू माझ्यासंगं तुरीच्या शेंगा सोलत बसला. बोलता बोलता निघालं बघ."

मी तसाच गाडीत बसून परतलो.

संध्याकाळी बुद्धवंदनेला बसलो. सगळ्यांचं कल्याण होवो, म्हणताना दत्तूचा चेहरा समोर आला आणि जीभ अडली. आई माझी होती ना?

त्याच्या पोस्टवर मी अजून अंगठा दिलेला नाही. माझ्या जागी तुम्ही दिला असता का?