भाकरी करायला पाय लागत नाही

त्या शनिवारी सकाळी प्राजक्ता माझ्याशी शेवटचं बोलली ते पिठाबद्दल. "ताई, बाजरीचं पीठ संपत आलंय, दळण टाकायला हवं." मी ऐकलं आणि उत्तर न देता पेरूच्या शेडकडे निघून गेले. भांडण झालेलं नव्हतं. तिला उत्तर न देण्याची मला सवय लागली होती, एवढंच. साडेअकराच्या सुमारास आमच्या आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, हाक आली, "सविते, पळ गं… पोरगी बघ कशी करतीय!" मी पोचले तेव्हा ती ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसली होती. ओठ निळे पडलेले. तव्यावर भाकरी जळत होती. मी आधी गॅस बंद केला… मग तिच्याकडे वळले. राहात्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय सव्वीस.

प्राजक्ता माझी धाकटी जाऊ. माहेर शहरातलं, पिंपरीचं. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आमच्या वस्तीवर आली तेव्हा रुखवतात लाडू-चकल्या आणि क्रोशाच्या तोरणांशेजारी तिचा स्केटबोर्ड मांडलेला होता. चाकांना हळदीकुंकू लावलेलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आत्यांनी विचारलं, "ही फळी कशाची गं?" ती म्हणाली, "यावर उभं राहून पळायचं असतं, आत्या. दाखवू?" आणि शालू नेसलेली ती मुलगी मांडवातच बोर्डावर चढायला निघाली. तिच्या आईनं दंडाला धरून मागे ओढलं. त्या क्षणी ती मला आवडली नाही. ती सगळ्यांना आवडली, म्हणूनही असेल.

मी डी.एड. केलेली, नोकरी न लागलेली, बारा वर्षं त्याच ओट्याशी उभी असलेली बाई. ती मात्र दुपारी कामं उरकून शेडमध्ये जायची. पेरूचे क्रेट एका बाजूला सारले की तिथला गुळगुळीत कोबा मोकळा व्हायचा. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून ती त्यावर वळणं घ्यायची. पेरू निवडणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघायच्या. ती पडायचीही पुष्कळ. पडली की बसल्या जागी कोपर चोळायची, खळखळून हसायची आणि पुन्हा चढायची. "हे कशासाठी?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ताई, तेवढ्या वेळात डोक्यात काहीच नसतं." मला राग आला. माझ्या डोक्यात चोवीस तास काय काय असायचं!

गाडी भरायच्या उतारावरून येताना ती पडली तेव्हा मी तिथेच होते. घोटा मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी बायका हसल्या तेव्हा मीही हसले. गुडघ्याखाली प्लास्टर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही, उशीवर उंच ठेवायचा. आत्या म्हणाल्या, "पडून राहू दे तिला. हाडाचं दुखनं हाय." लोकांना वाटतं, सासूनंच छळलं असेल. तसं नाही. चौथ्या दिवशी तिच्या खोलीच्या दारात उभी राहून मीच म्हटलं, "भाकरी करायला पाय लागत नाही." माझ्या दुसऱ्या बाळंतपणात आठव्या दिवशी मी चुलीपुढे होते. मला कुणी उशी दिली नव्हती. हे सगळं त्या एका वाक्यात होतं आणि ते तिला बरोबर कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तेवढा बोर्ड सरकवता का इकडे?"

प्लास्टरचा पाय गुडघ्यात मुडपून ती बोर्डावर टेकवायची, एका हातानं फळीचं टोक धरायची आणि चांगल्या पायानं रेटा देत घरभर फिरायची. ओट्याशी आली की कडा धरून उठायची आणि उलट्या क्रेटवर गुडघा टेकवून, एका पायावर उभी राहून भाकऱ्या थापायची. वीस-बावीस भाकऱ्या, रोज. दोन आठवड्यांत ती यातही तरबेज झाली. ओसरीच्या कोपऱ्यावर गिरकी घेऊन ओरडायची, "ताई, बघा बघा!" मी बघितलं नाही. पुढे ती तशीच शेडमध्येही गेली, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला मुद्दा सापडला. जी एवढी भिरभिरते तिला दुखतं कुठे?

चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "ताई, पोटरी आतून दुखतीय. प्लास्टर घट्ट झाल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "बोर्डावर दुखत नाही ना? मग इथे बरं दुखतं." त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ओसरीच्या दोन पायऱ्या चढून ती धापा टाकत खाली बसली. "श्वास पुरत नाहीये…" त्या वेळी चार बायका समोर होत्या. मी म्हटलं, "शहरातलं नाजूक सामान आहे, जपून ठेवा." त्या हसल्या. तीही थोडं हसली. तिचा नवरा सचिन मला विचारायला आला, "वहिनी, दवाखान्यात नेऊ का तिला? माल भरायचाय खरा, पण जाऊन येतो." मी म्हटलं, "सोमवारी बोलावलंच आहे की. तोवर काय होतंय?" तो गुरुवार होता.

पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. वस्तीवर मात्र सगळे म्हणाले, "त्या फळीनं खाल्लं तिला." सचिननं कुऱ्हाडीनं बोर्डाचे तुकडे केले. मी खांबाला टेकून बघत होते. एक शब्द बोलले असते तर त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली असती. पण फळी दोषी ठरत होती, ते मला सोयीचं होतं.

दहाव्याला तिच्या आई आल्या. सगळं उरकल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुम्ही रोज जवळ होता. काही म्हणाली होती का हो? दुखतंय, खुपतंय… मला तर फोनवर सगळं छान म्हणायची."

मी तांदूळ निवडत होते. "नाही," मी म्हटलं, "काहीच नाही बोलली."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मग पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यात गुडघ्याला बांधायचे पॅड होते, नवेकोरे, निळे. "तुमच्यासाठी मागवले होते तिनं. म्हणाली, आई, मोठ्या मापाचे आण. प्लास्टर निघालं की सविताताईंना बोर्ड शिकवणार आहे. त्या नाही म्हणतील, पण मनातून त्यांना हवंय ते."

परवा दुपारी खोलीचं दार लावून मी ते चढवून पाहिले. माप बरोबर आहे. कधी पाहून ठेवलं होतं तिनं, कोण जाणे… खूप वेळ तशीच पलंगाच्या कडेला बसून होते. बाहेरून आत्या हाका मारत होत्या, तरी पट्टे सोडवेनात.

तिच्या आईंकडे हाच पेपर येतो. म्हणून इथे लिहिते आहे. काकू, ती बोलली होती. दोनदा.